तळ्याकाठचा कोळी

आज सकाळी तळ्याच्या काठावर अर्धा तास उकिडवा बसलो होतो, एका कोळ्यासाठी. मागचे पाय पाणवनस्पतीच्या पानावर, पुढचे पाय अलगद पाण्यावर टेकवलेले. पायाखाली पाण्याला बारीक खळगे पडलेले, पण पृष्ठभाग कुठेच फाटलेला नाही. जाळं नाही, काही नाही. पाण्यावरचे तरंग हेच त्याचं जाळं. किडा पडून धडपडला की थरथर थेट पायांना कळते.

आधी वाटलं वुल्फ स्पायडर असावा. रंग तसाच, तपकिरी. मग फोटो मोठा करून डोळे पाहिले. वुल्फ स्पायडरच्या आठ डोळ्यांपैकी दोन चांगलेच मोठे असतात, मोटारीच्या दिव्यांसारखे. इथे मात्र चार-चारच्या दोन रांगा, सगळे साधारण सारखेच. म्हणजे फिशिंग स्पायडर, पिसॉरिडी कुळातला.

तरी खात्री होईना. तेवढ्यात शेजारच्या लव्हाळ्यावर तशीच एक मादी दिसली. अंड्यांची गोल पिशवी तोंडात धरून पोटाखाली सांभाळत चालली होती. वुल्फ स्पायडरची मादी ती मागे, शेपटाकडे चिकटवून ओढत नेते. शंका मिटली!

मी जरा पुढे सरकलो आणि पहिला कोळी पान धरून सरळ पाण्याखाली गेला. अंगावरच्या केसांत हवा अडकलेली, त्यामुळे अख्खा चांदीचा दिसत होता. त्या हवेवरच तो खाली तग धरतो. हे कितीदा वाचलं होतं, पण डोळ्यांनी पाहिलं ते आज. किती सुंदर दिसतं ते!

उद्या पुन्हा जाणार आहे. मादी पिल्लांसाठी पानांत जाळ्याचा तंबू विणते, तो बघायचाय.