मुंबईहून पणजीच्या पोकर टेबलापर्यंत

रात्री अकराच्या सुमारास सीएसएमटीहून कोकणकन्या सुटते. दिवाळीत तीनपत्तीत हात बसलेले बरेच मुंबईकर तिच्यातूनच गोव्याला पोकर खेळायला निघतात, कारण मुंबईत कॅसिनो नाही. महाराष्ट्राने १९७६ साली कॅसिनोंचा कायदा केला, पण तो कधी अमलात आलाच नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. गाडीतली रात्र तीनपत्ती विसरायला वापरा. पहिल्यांदा पोकरला बसणाऱ्यांच्या निम्म्याअधिक चुका आम्हाला तिथूनच आलेल्या दिसतात.

सगळ्यात महाग चूक पानांच्या क्रमाची. तीनपत्तीत सिक्वेन्स (लागोपाठची पानं) कलरच्या (एकाच चिन्हाची पानं) वर. पोकरमध्ये कलर, म्हणजे फ्लश, सिक्वेन्सला हरवतो. कारण मोजणीत आहे. तीन पानांचे एकूण २२,१०० हात होतात, त्यांत साधे कलर १,०९६ आणि साधे सिक्वेन्स ७२०. पाच पानांत उलटं होतं: कलर ५,१०८, सिक्वेन्स १०,२००. जे दुर्मीळ ते वर. आणि घरी ज्याच्यावर आरडाओरडा होतो तो ट्रेल, म्हणजे तीन सारखी पानं, पोकरमध्ये सिक्वेन्स, कलर, फुल हाउस (तीन सारखी आणि एक जोडी), चार सारखी पानं आणि स्ट्रेट फ्लश (सिक्वेन्स आणि कलर एकत्र) या सगळ्यांच्या खाली. तीन गुलाम पाहून सगळे चिप पुढे ढकलण्याआधी टेबलावर उघडलेली, सगळ्यांची सामाईक पाच पानं पुन्हा बघा; आपल्या हातात फक्त दोनच असतात.

‘ब्लाइंड’ शब्दही फसवतो. इथे तो पानं न बघता खेळण्याचा रुबाब नाही. दर हाताला एक जागा पुढे सरकणाऱ्या डीलर बटणाच्या डावीकडच्या दोघांनी पानं वाटण्याआधी भरायची सक्तीची रक्कम आहे. समजा टेबल १००-२०० चं आहे, म्हणजे एकाने १०० आणि दुसऱ्याने २०० भरायचे, आणि नऊ जण बसलेत. तासाला साधारण २७ हात होतात, म्हणजे तीन फेऱ्या. नुसतं बसण्याचे ९०० रुपये. शिवाय प्रत्येक पॉटमधून, म्हणजे हातात जमलेल्या पैशांतून, घर (कॅसिनो) आपला रेक, म्हणजे वाटा, कापतं.

थिवी किंवा करमळीला उतरून पणजी गाठा. जहाजांवरचे कॅसिनो मांडवीत उभे असतात, जेट्टीवरून बोटीने जायचं. वय २१ पूर्ण हवं, ओळखपत्र मूळ हवं. चप्पल आणि हाफ पँट हॉटेलवरच ठेवलेली बरी. प्रवेशाच्या पॅकेजात जे फुकट चिप मिळतात ते बहुधा एकदाच लावायचे असतात आणि त्यांची रोकड होत नाही. ते पोकर रूममध्ये चालतात का, आधी विचारा. आणखी एक: ‘थ्री कार्ड पोकर’ची पाटी दिसली म्हणून बसू नका. तिथे सामना घराशी असतो. आपल्याला हवा तो टेक्सास होल्डेम, खेळाडूंनी खेळाडूंशी खेळायचा.

काउंटरवर पैसे मोजण्याआधी चिपांवरचा जीएसटी कसा लावतात ते विचारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून दर ४० टक्के आहे. कर वेगळा असेल तर २०,००० च्या चिपांना २८,००० पडतील. करासह असेल तर २०,००० देऊन हातात सुमारे १४,३०० चे चिप येतील. जिंकलेल्या पैशांवर आयकर वेगळा: ३० टक्के, वर सेस, आणि हरलेल्याची वजावट नाही.

टेबलावर तोंडातून गेलेला शब्द बांधील. ‘रेझ’ (बोली वाढवली) म्हटलं की रेझ. न बोलता ५०० चा एकच चिप २०० च्या बोलीसमोर टाकलात तर तो कॉल, म्हणजे तेवढीच बोली, धरतात, ३०० परत येतात. रेझ करायचा असेल तर आधी आकडा बोला किंवा सगळे चिप एकाच हालचालीत पुढे सरकवा. दोन हप्त्यांत सरकवलेत तर पहिलाच हप्ता मोजतात. आपली पाळी येईपर्यंत गप्प बसा. दोन्ही पानं टेबलावरच ठेवून कोपरा उचलून बघा, वर एक चिप ठेवा. वर चिप नसलेली पानं डीलरने टाकलेल्या पानांत ओढली की हात गेला, तक्रारीला जागा नाही. हात चालू असताना शेजारच्या मित्राशी मराठीत कुजबुजू नका. विषय वडापावचा असला तरी बाकीच्यांना पानांचाच वाटतो.

चालू हातात खिशातून पैसे काढता येत नाहीत. समोर आहे तेवढंच खेळायचं. शो मागायलाही पैसे लागत नाहीत, शेवटच्या बोलीनंतर पानं उघडतातच. जिंकायला दोन्ही पानं दाखवा.

सुरुवातीला पाचातले चार हात सरळ पॅक करा. दोन सारखी पानं सरासरी १७ हातांत एकदा येतात, दोन एक्के २२१ हातांत एकदा. म्हणजे चार तासांत ते न दिसणंच जास्त संभवतं.

घरच्या खेळात जिंकून उठलं की ‘पळाला’ म्हणतात. इथे कुठल्याही हातानंतर उठता येतं. फक्त खेळत राहून अर्धे चिप खिशात टाकता येत नाहीत. उठायचं तर सगळे घेऊन. म्हणून परतीचं तिकीट सकाळच्या मांडवी एक्स्प्रेसचं नको, संध्याकाळच्या कोकणकन्येचं काढा. पहाटेची बोट गाठायच्या घाईत शेवटच्या अर्ध्या तासात वाटेल त्या पानांवर ऑल-इन जाणारे (सगळे चिप लावणारे) आम्ही बरेच पाहिलेत.