एट बॉलचा नवा बोर्ड, नोंद चौथी: सातवी लुकलुक

माझ्या जुन्या एट बॉल या पिनबॉल मशीनसाठी मी नवा मुख्य बोर्ड बनवतोय, आणि परवा रात्री साडेबाराला त्यावरचा एलईडी एकदाचा सात वेळा लुकलुकला. बॅली कंपनीची जुनी पिनबॉल मशीन ज्यांनी उघडली आहेत, त्यांना यातला आनंद समजावून सांगायला नको. नव्या मंडळींसाठी थोडक्यात: मशीन चालू झालं की मुख्य बोर्ड स्वतःची तपासणी करतो आणि एकेक टप्पा पार पडला की एलईडी एकदा लुकलुकतो. आधी रॉम, मग दोन्ही रॅम, मग बाहेरच्या तारा सांभाळणाऱ्या दोन पीआयए चिप, मग डिस्प्लेचा टायमर. सातवी लुकलुक कॉइलच्या, म्हणजे खेळातले भाग हलवणाऱ्या विद्युतचुंबकांच्या, ४३ व्होल्ट पुरवठ्याची.

मी तीन संध्याकाळी सहावरच अडकलो होतो. इम्युलेटरची, म्हणजे जुन्या प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या माझ्या कोडची, ओळन् ओळ तपासली. चूक कोडमध्ये नव्हतीच. बोर्ड टेबलावर होता, तिथे फक्त ५ व्होल्ट जोडलेले. ४३ व्होल्टच नाहीत तर सातवी लुकलुक येणार कुठून? जुना प्रोग्रॅम बरोबर होता, गाढव मी होतो.

मशीन १९७७ चं एट बॉल. ही २०,२३० बनली, म्हणजे दुर्मीळ अजिबात नाही. शिकागोच्या उपनगरात ज्यांच्या तळघरातून मी ते उचललं, तिथे ते कित्येक वर्षं बंद पडून होतं, आणि मूळ बोर्डावरची ३.६ व्होल्टची निकॅड बॅटरी गळून खालच्या कोपऱ्यातलं तांबं हिरवं पडलं होतं. रीसेटचा भाग तर पार गेलेला. तो दुरुस्त करता आला असता, पण मला स्वतःचा करायचा होता.

नव्या बोर्डावर रास्पबेरी पाय पिको हा छोटा मायक्रोकंट्रोलर आहे. त्याच्या एका कोअरवर ६८०० या मूळ प्रोसेसरचं इम्युलेशन, दुसऱ्यावर बाहेरच्या सगळ्या तारांचा कारभार. मूळ प्रोसेसर साधारण अर्ध्या मेगाहर्ट्झवर चालायचा, अख्खा खेळ ४ किलोबाइटमध्ये आणि कामाची रॅम १२८ बाइट! पिकोकडे २६४ किलोबाइट आहेत, त्यामुळे जागेची काळजी नाही. स्कोअर आणि क्रेडिट जपायला एफरॅम लावली, म्हणजे वीज गेली तरी न विसरणारी मेमरी. बॅटरीच नाही, म्हणजे गळणंही नाही.

खरी भीती पहिल्या अर्ध्या सेकंदाची. पहिल्यांदा मशीनमध्ये बसवून स्विच टाकला तर ‘ठक्’ झालं आणि एका कॉइलचा प्लंजर, म्हणजे आतला लोखंडी दांडा, आत ओढलेलाच राहिला. लगेच प्लग ओढला, तरी वार्निशचा वास आलाच. कारण नंतर कळलं. कॉइल निवडणारा ७४१५४ डीकोडर चार तारांवरचा आकडा वाचतो. चारही वर, म्हणजे ५ व्होल्टकडे, असतील तर १५, म्हणजे कोणतीच कॉइल नाही. जुन्या पीआयएच्या पिना रीसेटमध्ये मोकळ्या सुटतात आणि तारा वरच राहतात. पिकोच्या पिनांना मात्र जन्मतःच खाली ओढणारा पुल-डाऊन असतो. कोड सुरू होईपर्यंत डीकोडरला दिसलं शून्य, आणि शून्य क्रमांकाला कॉइल आहे.

आता पिको आणि या तारांमधल्या ७४एचसीटी२४५ बफर चिपचं आउटपुट कोड तयार होईपर्यंत बंद ठेवलंय आणि त्याच्या ५ व्होल्टच्या बाजूला तारा वर ओढून ठेवणारे ४.७ किलोओहमचे पुल-अप दिलेत. शिवाय कोडवर नजर ठेवणारा वॉचडॉग: कोड अडकला तर बफर पुन्हा बंद. कुणी असला बोर्ड करत असेल तर पहिल्या चाचणीआधी प्लेफील्डखालचा (चेंडू फिरतो त्या फळीखालचा) १ अँपिअरचा फ्यूज काढा. वीजपुरवठ्याच्या रेक्टिफायर बोर्डावरचा कॉइलचा फ्यूज काढू नका, नाहीतर माझ्यासारखे सातव्या लुकलुकीची वाट बघत बसाल.

दिव्यांनी एक रात्र खाल्ली. त्यांचे एससीआर (इलेक्ट्रॉनिक स्विच) विजेच्या प्रत्येक शून्याला आपोआप बंद होतात, म्हणजे सेकंदाला १२० वेळा, आणि लगेच पुन्हा चालू करावे लागतात. उशीर झाला की दिवा मंद. माझे सगळे दिवे दिवाळीच्या स्वस्त माळेसारखे फडफडत होते. दिवे वेळेवर लावणाऱ्या कोडमध्ये (इंटरप्टमध्ये) विसरलेली डीबगची एक प्रिंट ओळ काढली, फडफड थांबली.

स्विचचं मॅट्रिक्स, म्हणजे सगळे स्विच वाचणारं तारांचं जाळं, पहिल्याच झटक्यात चाललं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. चाइम्स, म्हणजे स्कोअरच्या घंटा, तर फारच गोड वाजतात. रात्री एकला चाचणी घेतली तेव्हा वरून बायको ओरडली, “आरती चाललीये का खाली?”

उरलेत डिस्प्ले. १९० व्होल्टचे जुने काचेचेच ठेवणार आहे, तो नारिंगी उजेड एलईडीला येत नाही. सध्या प्रत्येक आकड्यात शेजारच्याची पुसट सावली दिसतेय, म्हणजे आकडा बदलताना डिस्प्ले क्षणभर विझवणारी ब्लँकिंगची तार मी उशिरा हलवतोय. शनिवारी तारांवरचे सिग्नल दाखवणारा लॉजिक ॲनालायझर लावून बघतो. तोवर त्या १९० व्होल्टच्या धाकाने एक हात खिशात ठेवूनच काम.