माझी ड्यू डेट कशी ठरली

माझी पाळी कधीच २८ दिवसांची नव्हती. ३५, ३६, कधीकधी ३८ दिवसांनी यायची. त्याचा त्रास काही नव्हता, त्यामुळे फारसा विचारही केला नव्हता. डिलिव्हरीच्या तारखेशी त्याचा संबंध असतो, हे दिवस गेल्यावरच कळलं.

टेस्ट पॉझिटिव्ह आली आणि आम्ही कॅलेंडर काढून बसलो. शेवटच्या पाळीचा पहिला दिवस ४ मार्च. ताईने सांगितलेला हिशेब सोपा होता: तारखेत ७ मिळवायचे, महिन्यातून ३ वजा करायचे. उत्तर आलं ११ डिसेंबर. (फ्रान्झ नेगेले या जर्मन प्रसूतितज्ज्ञाच्या नावाने हा नियम ओळखला जातो, हे नंतर कळलं.) नवऱ्याने तीच तारीख मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये टाकली, तर तिथे ९ डिसेंबर! थोडा वेळ वाद घातल्यावर उलगडा झाला. अ‍ॅप सरळ २८० दिवस मोजतं. महिने मात्र काही ३० चे, काही ३१ चे, त्यामुळे आमच्या पद्धतीने २८२ भरत होते.

दोन दिवसांचं काही नाही हो, खरी गोम पुढेच होती. डॉक्टरांनी नुसती पाळीची तारीख विचारली नाही. पाळी किती दिवसांनी येते, तारीख नक्की आठवते की अंदाजाने सांगताय, त्याआधी गर्भनिरोधक गोळ्या चालू होत्या का, असं सगळं खोदून विचारलं. मग म्हणाल्या, "२८० दिवसांचा हिशेब २८ दिवसांच्या पाळीसाठी आहे. त्यात चौदाव्या दिवसाच्या आसपास स्त्रीबीज बाहेर पडतं असं धरलेलं असतं. तुमची पाळी लांबते म्हणजे स्त्रीबीजच उशिरा बाहेर पडतं. तिथून पुढची पाळी येईपर्यंतचे दिवस मात्र बहुतेकींचे साधारण सारखेच असतात." म्हणजे ३६ दिवसांच्या पाळीत गर्भधारणा बाविसाव्या दिवसाच्या आगेमागे. सासूबाईंना तर आठवडे पाळीपासून मोजतात हेच पटेना. "मग पहिले दोन आठवडे फुकटचेच की!" म्हणाल्या. एका अर्थी बरोबरच आहे ते. गर्भधारणेचा दिवस सहसा कुणालाच नक्की सांगता येत नाही, पाळीचा सांगता येतो, म्हणून तिथून सुरुवात.

६ मेला पहिली सोनोग्राफी झाली. पाळीप्रमाणे त्या दिवशी बरोबर ९ आठवडे पूर्ण होत होते. स्क्रीनवर घेवड्याच्या दाण्याएवढं काहीतरी, आणि त्यात टकटक लुकलुकणारा ठिपका. सोनोग्राफीच्या डॉक्टरांनी डोक्याच्या टोकापासून बुडापर्यंत एक तुटक रेघ ओढली. रिपोर्टात सीआरएल म्हणून येतं ते हेच माप. जेमतेम दीड सेंटीमीटर भरलं. वय निघालं ७ आठवडे ६ दिवस, तारीख १७ डिसेंबर. माझ्या पोटात गोळा आला. बाळाची वाढ आठ दिवस मागे आहे की काय? डॉक्टरांनी ठोके नीट असल्याचं दाखवलं आणि पाळीचा हिशेब परत समोर ठेवला. आठ दिवस उशिरा स्त्रीबीज, आठ दिवस लहान बाळ. दोन्ही अगदी जुळत होतं.

सुरुवातीच्या आठवड्यांत सगळी बाळं जवळपास एकाच वेगाने वाढतात, दिवसाला साधारण एक मिलिमीटर. म्हणून पहिल्या तीन महिन्यांतल्या मापावरून काढलेली तारीख पाच-सात दिवसांच्या फरकाने बरोबर येते. या काळात पाळीची आणि सोनोग्राफीची तारीख आठवड्याहून जास्त चुकत असेल तर सोनोग्राफीची धरतात (अगदी सुरुवातीला तर पाच दिवसांहून जास्त फरकही चालत नाही). माझ्या फाइलवर १७ डिसेंबर लिहून त्याभोवती गोल केला गेला. एनटी स्कॅनची (बाळाच्या मानेमागच्या पाण्याच्या थराची जाडी मोजणारी सोनोग्राफी) तारीखही पुढे सरकली. त्यासाठी बाळ निदान ४५ मिलिमीटरचं व्हावं लागतं. जुन्या हिशेबाने अकरा आठवडे भरल्या भरल्या गेले असते तर परत पाठवलं असतं.

मग बत्तिसाव्या आठवड्यातल्या सोनोग्राफीने घरात परत खळबळ. रिपोर्टवर छापलेलं वय ३३ आठवडे ३ दिवस, आणि खाली तारीख ७ डिसेंबर. आईने लगेच बॅग भरायला घेतली. डॉक्टरांनी मात्र ती तारीख पेनाने खोडली. या टप्प्यावर डोकं, पोट, मांडीचं हाड मोजून मशीन वय काढतं, पण एव्हाना कुणाचं बाळ गुटगुटीत, कुणाचं चणीने लहान. तीन आठवड्यांपर्यंत फरक पडू शकतो. त्या मापांवरून वाढ बघायची, तारीख बदलायची नाही. खरं तर हे रिपोर्टवरच ठळक छापायला हवं, किती घरांची झोप वाचेल.

१७ तारीख आली आणि गेली. नेमक्या तारखेला जन्मणारी बाळं शंभरात पाचेक, हे आधीच सांगून ठेवलेलं होतं, तरी फोन थांबेनात. "अजून नाही?" पाळीच्या तारखेने गेलो असतो तर मी एक्केचाळीस आठवडे ओलांडलेली ठरले असते आणि कळा आणायची चर्चा सुरू झाली असती. खऱ्या हिशेबाने नुकते चाळीस भरले होते. त्यामुळे बाळाच्या हालचालींवर लक्ष, एनएसटी (पोटाला पट्टा बांधून बाळाच्या ठोक्यांची तपासणी), बाळाभोवती पाणी किती आहे ते बघणं, एवढंच.

२० डिसेंबरला पहाटे आपोआप कळा सुरू झाल्या आणि संध्याकाळी मुलगी झाली. बत्तिसाव्या आठवड्यापासून सगळे "बाळ मोठं आहे हं" म्हणत होते. वजन भरलं २ किलो ९०० ग्रॅम.