बेदाण्याचे शेड आणि दुसरे शिखर

तासगाव तालुक्यातील एका द्राक्षबागेतील पाच अश्वशक्तीच्या सौर पंपाची तक्रार फेब्रुवारीत माझ्याकडे आली, तेव्हा ती तिसऱ्यांदा नोंदवली गेली होती. साडेदहापर्यंत पाणी येत नाही, नंतर आपोआप येते, एवढेच तिचे स्वरूप. आधीच्या दोन्ही भेटींत आमच्याच माणसांनी ‘पॅनेलवर धूळ’ असा शेरा मारून प्रकरण मिटवले होते. बागायतदार अण्णा माझ्यासमोरही ओले फडके घेऊन उभे होते. “सायेब, रोज पुसतोय की.”

सकाळचे नऊ वाजले होते, ऊन स्वच्छ होते. कंट्रोलर ६१० व्होल्ट, २ अँपिअर आणि ३३ हर्ट्झ दाखवत होता. मोटर फिरत होती, परंतु एवढ्या वेगाने विहिरीतून पाणी वर चढत नाही. धूळ सगळीकडे सारखी बसते. तिने करंट घटतो, पण व्होल्टेज असे नेहमीच्या साडेपाचशेच्या वर जात नाही. मी मान वळवली, तर पूर्वेला नव्याने उभारलेल्या बेदाण्याच्या शेडची सावली एकसरीत जोडलेल्या पंधरापैकी दोन पॅनेलवर पडलेली होती.

अशा वेळी सावलीतल्या पॅनेलला वळसा घालून करंट पुढे नेणाऱ्या बायपास डायोडमुळे, कोणत्या व्होल्टेजला किती शक्ती मिळते हे दाखवणाऱ्या आलेखाला दोन शिखरे येतात. आमचा कंट्रोलर ‘पर्टर्ब अँड ऑब्झर्व्ह’ पद्धतीचा आहे: व्होल्टेज थोडे हलवायचे, शक्ती वाढली तर त्याच दिशेने पुढे जायचे, घटली तर मागे फिरायचे. खुल्या व्होल्टेजवरून, म्हणजे करंट शून्य असतानाच्या कमाल व्होल्टेजवरून, खाली उतरताना त्याला पहिले, बुटके शिखर लागते आणि दरी ओलांडावी लागेल म्हणून तो तिथेच घुटमळतो. बंद करून पुन्हा चालू केला तरी तेच. ‘इन्क्रिमेंटल कंडक्टन्स’ पद्धतही उतारच पाहते, त्यामुळे तीही इथे फसली असती. मधूनमधून संपूर्ण आलेख तपासण्याची सोय या मॉडेलमध्ये नाही, जरी माहितीपत्रकात ‘कमाल शक्ती’ हे शब्द ठळक छापलेले आहेत.

मी एमपीपीटी, म्हणजे कंट्रोलरचे हे आपोआप शिखर शोधणे, बंद केले आणि ४८५ व्होल्ट स्थिर ठेवले. करंट ५.४ अँपिअरवर गेला, ३३ चे ४३ हर्ट्झ झाले आणि काही क्षणांत पाइपाने खोकल्यासारखा आवाज करून पाणी सोडले. दुपारी तापलेल्या पॅनेलचे शिखर पाचशेच्या आसपासच असते, त्यामुळे तेव्हाचे नुकसान मला किरकोळ वाटले. मात्र थंड, निरभ्र सकाळी शेड नसताना ते किती होईल, हे मी मोजलेले नाही.

हंगामात शेड हलवणार नाही, असे अण्णांनी सांगितले होते आणि ते रास्तच होते. भेटीच्या अर्जात ‘एमपीपीटी चालू’ या रकान्यापुढे मी ‘नाही’ लिहिले, तेव्हा कार्यालयातून फोन आला की तो रकाना असा भरता येत नाही.