गोंगाट ओळखण्यात गेलेली वर्षं

रविवार, १४ सप्टेंबर २०२५
पुणे

आज बरोबर दहा वर्षं झाली. २०१५ चा तो सोमवार होता, गणपती तीन दिवसांवर आले होते. आपल्याकडे दुपारचे ३ वाजून २० मिनिटं झाली असताना अमेरिकेतल्या लायगो या वेधशाळेच्या दोन डिटेक्टरमध्ये, आधी लिव्हिंगस्टनच्या आणि ७ मिलिसेकंदांनी हॅनफर्डच्या, पहिल्या गुरुत्वीय लहरीची, म्हणजे अवकाशाच्याच ताणण्या-आकसण्यातून पसरणाऱ्या लहरीची, नोंद झाली. सूर्याच्या ३६ पट आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली होती, १३० कोटी प्रकाशवर्षं दूर. इथवर पोचलेला सिग्नल जेमतेम ०.२ सेकंदांचा. डिटेक्टरच्या चार किलोमीटरच्या भुजांच्या, म्हणजे लेझर ज्यांतून धावतो त्या नळ्यांच्या, लांबीत पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या सुमारे चारशेव्या हिश्शाइतका.

सकाळपासून जुन्या सहकाऱ्यांचे निरोप येताहेत. सगळे त्या ०.२ सेकंदांबद्दल लिहितात, आणि ते साहजिकच आहे. मला मात्र आज त्याच्या आधीची वर्षं आठवताहेत. नातेवाईक विचारायचे, 'इतकी वर्षं काहीच सापडत नाही, मग रोज करता तरी काय?' तेव्हा नीट उत्तर देता यायचं नाही. आता येतं. आम्ही गोंगाट ओळखत होतो, म्हणजे डेटातली लहरीखेरीज इतर कारणांनी उठणारी थरथर.

लायगोच्या भुजांमध्ये लेझर परतवणारे आरसे ४० किलोंचे. काचेच्या बारीक तंतूंवर टांगलेले, एकाखाली एक अशा चार लंबकांच्या साखळीत सगळ्यात खाली. एवढं करूनही समुद्राच्या लाटांनी जमिनीत उठणारी थरथर त्यांच्यापर्यंत येते. लिव्हिंगस्टनच्या आसपास जंगलतोड चालते, त्या झाडांचं पडणं डेटात दिसतं. अमेरिकेतल्या विजेची ६० हर्ट्झची रेघ तर कायमचीच. हॅनफर्डला एका उन्हाळ्यात विचित्र टकटक दिसू लागली. शोध घेतल्यावर कळलं, द्रव नायट्रोजनच्या नळीवर जमलेल्या बर्फाला तहानलेले डोमकावळे चोच मारत होते. सध्या पितृपक्ष चालू आहे, घराघरांत कावळ्याची वाट पाहिली जाते, म्हणून ही गोष्ट या पंधरवड्यात हमखास आठवते. अशी एकेक खूण शोधायची, तिचं कारण पक्कं करायचं, मग तेवढा डेटा बाजूला काढायचा. माझ्या कामाचा मोठा भाग हाच आहे, आणि मला तो मनापासून आवडतो.

या कामाची खरी किंमत मला २०१० साली कळली. तेव्हा मी परदेशात पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरचं संशोधन, करत होते. १६ सप्टेंबरला एक देखणा सिग्नल आला, आकाशातल्या बृहल्लुब्धक तारकासमूहाच्या दिशेकडून. आमच्यात त्याचं नाव पडलं 'बिग डॉग'. गोंगाटातून योगायोगानं असं काही उमटण्याची शक्यता ७ हजार वर्षांत एकदा, इथपर्यंत हिशेब पोचला. पुढचे सहा महिने शेकडो माणसांनी ती घटना उलटसुलट तपासली, शोधनिबंध लिहून तयार केला. मार्च २०११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या आर्केडियाच्या बैठकीत, खरं काय ते ज्यात लिहिलं होतं ते बंद पाकीट उघडलं. सिग्नल आतूनच, मुद्दाम, गुपचूप घातलेला होता. मोजक्या लोकांनाच ते ठाऊक होतं. सगळी यंत्रणा आणि सगळी माणसं यांची ती परीक्षा होती. अनेकजण हिरमुसले. मला वाटतं, आमच्या शास्त्राचा तो फार प्रामाणिक दिवस होता. म्हणून तर २०१५ मध्ये जर्मनीतल्या हॅनोव्हरला संशोधक मार्को ड्रागो यांच्या पडद्यावर तो आलेख आला तेव्हा पहिला प्रश्न आला तो हा: 'हा कोणी घातलाय का?' फोन करून खात्री केली. कोणी घातला नव्हता. तरीही घोषणा झाली ती ११ फेब्रुवारी २०१६ ला. पाच महिने तपासण्यात गेले, आणि ते जायलाच हवे होते.

पितृपक्षावरून आठवलं. या वर्षी आमच्या शास्त्राच्या घरातली दोन मोठी माणसं गेली. मे महिन्यात जयंत नारळीकर, ऑगस्टमध्ये लायगोचे एक जनक रायनर वाइस. वाइस यांचा १९७२ चा अहवाल मी विद्यार्थ्यांना दरवर्षी वाचायला लावते. लेझरनं ही लहर कशी मोजायची हे त्यात आहेच, पण कुठला गोंगाट किती त्रास देईल याचा एकेक करून मांडलेला हिशेबही आहे. यंत्र उभं राहायच्या कितीतरी आधी! नारळीकरांनी पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली, आणि तिथेच १९९१ साली संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी गोंगाटात बुडालेला सिग्नल कसा हुडकायचा याचं गणित मांडलं. सिद्धांतावरून अपेक्षित लहरींचे साचे आधी बनवून ठेवायचे आणि डेटावर एकेक सरकवत न्यायचे. कुठला जुळतो ते बघायचं. साचे किती लागतील, त्यांच्यात किती अंतर ठेवायचं, हा कळीचा प्रश्न. लायगोचं बांधकामसुद्धा तेव्हा सुरू झालेलं नव्हतं. २०१५ च्या शोधात असे सुमारे अडीच लाख साचे वापरले गेले. चोवीस वर्षांनी येणाऱ्या ०.२ सेकंदांसाठी पुण्यात कोणीतरी कागदावर गणितं करत बसलं होतं, या विचारानं मला अजूनही भरून येतं.

आणि भारतीय शास्त्रज्ञ सी. व्ही. विश्वेश्वरा. कृष्णविवराला धक्का बसला की ते ठरावीक सुरात घुमतं आणि तो सूर झपाट्यानं विरतो, हे त्यांनी १९७० मध्ये गणितानं दाखवलं. ते २०१७ च्या जानेवारीत गेले. पहिली लहर सापडल्याचं त्यांना पाहता आलं, याचं फार समाधान वाटतं. यंदा १४ जानेवारीला आलेल्या सिग्नलमध्ये तो घुमणारा सूर, आणि त्याच्या जोडीचा दुसराही, स्वच्छ मिळाला. त्याचा निबंध याच आठवड्यात आला, तो मी दोनदा वाचून काढला. घटना २०१५ सारखीच, पण डिटेक्टर आता इतके शांत झालेत की सिग्नल गोंगाटाच्या ८० पट वर उठून दिसतो. दोन्ही कृष्णविवरांच्या पृष्ठांचं मिळून क्षेत्रफळ सुमारे २ लाख ४० हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्रापेक्षा कमी. मिसळल्यावर झालं सुमारे ४ लाख, महाराष्ट्रापेक्षा बरंच जास्त. क्षेत्रफळ घटू शकत नाही हे हॉकिंग यांनी १९७१ मध्ये सांगितलं होतं. ते इतक्या खात्रीनं मोजता आलं, ते दहा वर्षं एकेक गोंगाट कमी करत गेल्यामुळे.

संध्याकाळी परभणीहून आईचा फोन. 'काय गं, आपल्या औंढ्याचं मशीन कधी चालू व्हायचं?' औंढा नागनाथ तिच्यासाठी ज्योतिर्लिंगाचं गाव, महाशिवरात्रीला जायचं ठिकाण. २०२३ मध्ये तिथे लायगोचा भारतातला डिटेक्टर उभारायला केंद्रानं सुमारे २६०० कोटींची मंजुरी दिली, तेव्हापासून ती दर दोन-तीन महिन्यांनी हेच विचारते. तिला म्हटलं, आई, अजून काही वर्षं लागतील. मग ती म्हणाली, 'अमेरिकेत दोन आहेत ना, मग आणखी कशाला?' तिला सांगितलं: लहर कुठून आली हे ती कुठल्या डिटेक्टरला आधी आणि कुठल्याला नंतर पोचली यावरून कळतं. जितके डिटेक्टर लांब लांब, तितकी आकाशातली जागा नेमकी कळते. मग दुर्बिणी लगेच तिकडे वळवता येतात. २०१७ मध्ये दोन न्यूट्रॉन तारे आदळले तेव्हा इटलीतला व्हर्गो डिटेक्टर जोडीला होता म्हणून जागा आकाशाच्या लहानशा पट्ट्यावर आली आणि त्याच दिवशी दुर्बिणींना ती दीर्घिका सापडली.

हिंगोलीच्या त्या जमिनीचा गोंगाट वेगळा असेल. विजेची रेघ ६० च्या जागी ५० हर्ट्झवर. ट्रॅक्टर, बोअरवेलचे पंप, पहिल्या पावसाचा पत्र्यावरचा मारा, शिवरात्रीच्या यात्रेची गर्दी. यातल्या प्रत्येकाची डेटातली खूण कोणालातरी शोधून नोंदवहीत लिहावी लागेल. ते काम मला मिळालं तर मी पुणं सोडून औंढ्याला राहायला जाईन, असं आईला सांगून टाकलं. ती म्हणाली, 'मग मी पण येते.'