पट्टणकोडोलीला घोंगडीसाठी दोन फेऱ्या

पहिली फेरी फुकट गेली, ते आधीच सांगतो. कोल्हापुरात अंबाबाईचं दर्शन, मग तांबडा-पांढरा, मग थोडी झोप, आणि मग सावकाश हुपरीकडची एसटी. पट्टणकोडोलीत उतरलो तेव्हा तीन वाजून गेले होते. विचारत विचारत ज्या घरी पोचलो तिथला माग बंद. उंबऱ्यात एक आजी चिंचोके निवडत बसल्या होत्या. "सकाळच्या पारी यायचं की हो," त्या म्हणाल्या. "आता उन्हं कलली. खळ काय रातीला वाळायची?"

तर दुसऱ्या खेपेला पहिली एसटी धरली. तुम्हीही तेच करा.

गाव हातकणंगले तालुक्यात, हुपरीच्या शेजारी. एका अंगाला चांदीच्या दागिन्यांची हुपरी, दुसऱ्या अंगाला यंत्रमागांची इचलकरंजी, आणि मधल्या या गावात हाताने विणलेली घोंगडी. बहुतेकांना गाव ठाऊक असतं ते विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेमुळे. ती आश्विनात भरते. महाराष्ट्र-कर्नाटकातले धनगर येतात आणि भंडारा, खारीक, खोबरं यांच्याबरोबर लोकरही उधळतात. देवावर लोकर उधळणारं गाव लोकरच विणतं, हे मला फार आवडलं. यात्रेत घोंगड्यांची दुकानंही लागतात. पण विणकाम बघायचं असेल तर तेव्हा जाऊ नका, त्या गर्दीत कुणाला बोलायला फुरसत नसते.

आता खळ. मागावर बसलेला विणकर सगळे बघतात, फोटो काढतात आणि निघतात. खरी गंमत त्याच्या आधी, गल्लीत असते. चिंचोके भाजून, टरफलं काढून, भिजवून वाटायचे आणि शिजवायचे. होते ती पिठल्यासारखी चिकट लापशी, म्हणजे खळ. ताण्याचं, म्हणजे उभ्या धाग्यांचं सूत गल्लीत दोन टोकांना ताणून बांधतात आणि झाडूएवढ्या कुंच्याने ती खळ त्यावर ओढतात. एकजण या बाजूने, दुसरा त्या बाजूने, एकाच चालीत. धाग्याला धागा चिकटला की बोटाने सोडवायचा आणि पुन्हा कुंचा फिरवायचा. लोकरीचं सूत मुळात केसाळ. खळीने ते केस बसतात, धागा कडक होतो आणि मागावर फणीचे, म्हणजे विणीचे धागे ठोकून बसवणाऱ्या कंगव्याचे घाव सोसतो. हे सगळं उन्हावर चालतं. म्हणून सकाळ हवी, आणि म्हणूनच भर पावसाळ्यात जाऊ नये. दिवाळी ते मे हा काळ बरा.

कुंचा ओढणारे काका मला म्हणाले, "धरा की वाईच." मी कुंचा धरला. दहा पावलांत माझ्या बाजूचे चार धागे तुटले. आजींनी काही न बोलता ते गाठी मारून जोडले. माझ्या हातून कुंचा काढून घेतला, तोही काही न बोलता.

माग खड्ड्याचा. विणकर जमिनीच्या पातळीवर बसतो आणि पाय खाली खड्ड्यात पावड्यांवर, म्हणजे पायपट्ट्यांवर. आडवा धागा नेणारा धोटा हाताने इकडून तिकडे, मग फणीचा ठोका. शेजारी बसलात तर तो ठोका जमिनीतून जाणवतो. रंग कुठलाच नाही. काळी, पांढरी, करडी, मेंढीच्या अंगावर असेल तीच. काठाला पांढऱ्या रेघा, तेवढीच नक्षी. विणकर बहुतेक सणगर समाजाचे, लोकर धनगरांची, पिंजून चरख्यावर कातायचं काम बायकांचं. आजी म्हणाल्या, "मी लगीन हून आलो तवा ह्या गल्लीत दारोदार खटखट हुती." आता चालू माग शोधत हिंडावं लागतं.

कारण विचारलं की सगळे स्वस्त ब्लँकेटकडे बोट दाखवतात. ते खरं आहेच, पण अर्धंच. दुसरं कारण मेंढीतच आहे. दख्खनी मेंढीची लोकर भरड, काळी, घोंगडीला उत्तम. पण पैसा मटणात. त्यामुळे कळपांत माडग्याळ मेंढी वाढली: जत भागातली, उंच, पोपटनाकी, पांढऱ्यावर तपकिरी ठिपक्यांची. ती वजनाला भारी, पण तिच्या अंगावर लोकर जेमतेम. म्हणजे विणकर टिकला तरी त्याच्या चरख्याला लागणारी मेंढीच कमी होतेय. हे मला घोंगडीच्या दुकानात कुणी सांगितलं नव्हतं.

खरेदीचं. दोन वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात मी 'अस्सल घोंगडी' घेतली होती, मऊमऊ. आजींनी फोटो बघून नुसतं हसल्यासारखं केलं. घरी येऊन तिचा एक धागा जाळला, तर तो वितळून कडक मणी झाला. खरी लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि बोटात चुरगळणारी राख उरते. विकत घेताना सुटा धागा मागून घ्या, कुणी नाही म्हणत नाही. आणि हाताला मऊ लागली तर आधी शंका घ्या. नवी घोंगडी खळीमुळे पुठ्ठ्यासारखी असते, टोचते, वापराने नरमते. ज्यांना अंगाला लोकर सोसत नाही त्यांनी खाली पातळ चादर घालावी किंवा सरळ आसनासाठी लहान तुकडा घ्यावा. तयार माल थोडाच असतो. मापाची हवी तर सांगून यावं लागतं, आणि 'आठवड्यात द्या' म्हणू नये. माझी सव्वा महिन्याने मिळाली. पैसे रोख न्या. घासाघीस मी केली नाही. गल्लीतला तो कुंचा बघितल्यावर तोंड उघडत नाही. फोटो मात्र विचारूनच काढा, विशेषतः कातणाऱ्या बायकांचे.

सांभाळायचं फार नाही. वरचेवर धुऊ नका, ऊन दाखवा आणि झटका. धुवायची वेळ आलीच तर गार पाण्यात, रिठ्याने, न पिळता. गरम पाण्यात ती आटते. आणि पूर्ण कोरडी होईपर्यंत घडी घालू नका. 'भिजत घोंगडं' हा शब्दप्रयोग कुठून आला ते पहिल्या धुण्यात कळतं. माझं तीन दिवस वाळलं नव्हतं, आणि उचलायला दोघं लागलो. कसर लागू नये म्हणून घडीत कडुलिंबाचा पाला ठेवा.

वासाचं मात्र कुणी आधी सांगत नाही. माझी नवी घोंगडी आठवडाभर गॅलरीत टांगली होती. चौथ्या दिवशी शेजारच्या काकू दारात आल्या आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "अहो, तुम्ही वर काही पाळलंय का?"