53 फुटांचा किल्ला

पेनसिल्व्हेनियातलं फोर्ट नेसेसिटी बघायला निघताना राजगड-तोरणा डोक्यातून काढून टाका. इथे बुरूज नाहीत, चढण नाही, तिकीटही नाही. व्हाइट ओकचे ओंडके उभे चिरून गोलाकार चरात रोवलेत, जमिनीवर सात-एक फूट. मोठ्या खांबांमधल्या फटी बारीक खांबांनी बुजवल्यात. व्यास 53 फूट. मधोमध 14 फुटी चौरस कोठार, दारूगोळा आणि रसद ठेवायला. असा हा मेढेकोट. आजचा अर्थातच पुन्हा उभारलेला. मूळचा फ्रेंचांनी जाळला.

मला राग आला तो जागेचा. चहूकडे टेकड्या आणि झाडी, मधल्या खोलगट कुरणात किल्ला. एका बाजूला तर झाडं बंदुकीच्या टप्प्यात. पण 1754 साली, तेव्हा इंग्रजांच्या बाजूने लढणाऱ्या 22 वर्षांच्या जॉर्ज वॉशिंग्टनला त्या घनदाट जंगलात घोड्यांना चारा, पाणी आणि मोकळी जमीन एवढं एकत्र इथेच मिळालं. त्याला ही जागा लढाईला झकास वाटली होती. सेनेका या आदिवासी जमातीचा सरदार तानाघ्रिसन याला मात्र हा किल्ला म्हणजे कुरणातली एक चिमुकली वस्तू वाटली. माझं मत तानाघ्रिसनच्या बाजूने.

3 जुलैला सुमारे 600 फ्रेंच आणि 100 आदिवासी योद्धे आले. इंग्रजांची माणसं 400, आत मावणार जेमतेम 60-70. उरलेली बाहेरच्या खंदकात. त्यात दिवसभर पाऊस. कुरण दलदलीचं, त्यामुळे पाणी वाहून न जाता खंदकात साचलं. फ्रेंच झाडांच्या आडोशाला, त्यांची दारू त्यामानाने कोरडी.

गारगोटीच्या ठिणगीवर उडणाऱ्या त्या बंदुकीत बाहेरची रंजक, म्हणजे ठिणगी पकडणारी दारू, भिजली तर पुसून नवी घालता येते. नळीतला बार, म्हणजे ठासलेली दारू-गोळी, भिजला की काम संपलं: तो गजाला मळसूत्री आकडा लावून ओढून काढावा लागतो. असे आकडे अख्ख्या पलटणीत एक-दोनच होते. म्हणजे एकेक बंदूक मुकी होत गेली आणि ती पुन्हा बोलती करायला हत्यार नाही! लाकडी कूड कितीही जाड असता तरी काय उपयोग होता? इंग्रजांकडचे तीसेक मेले, सत्तरेक जखमी; फ्रेंचांचे मेले तिघेच. मध्यरात्रीच्या सुमारास शरणागतीवर सह्या झाल्या.

त्याच चिखलाने पुढे एक काम मात्र केलं. 1932 मध्ये इथे कोपऱ्यांचा किल्ला बांधून ठेवला होता. 1950च्या दशकात पुरातत्त्वज्ञ जे. सी. हॅरिंग्टन यांनी खणलं, तेव्हा ओल्या मातीत मूळ खांबांचे बुंधे टिकलेले सापडले, गोलात. मग आधीचा पाडून हा उभारला.

रूट 40वर पश्चिमेला मैलभर गेलं की इंग्रज सेनापती जनरल ब्रॅडकचं थडगं. 1755 मध्ये त्याला रस्त्यातच पुरून वरून गाड्या आणि सैन्य नेलं, शत्रूला जागा कळू नये म्हणून. थडगं पाच मिनिटांत आटोपतं. झुमोनव्हिल ग्लेन चुकवू नका. किल्ल्यावरच्या लढाईआधी, 28 मे 1754ला वॉशिंग्टनच्या तुकडीने फ्रेंचांवर इथे हल्ला केला, त्यांचा अधिकारी झुमोनव्हिल मारला गेला, आणि त्याचाच भाऊ व्हिलिए पुढे या किल्ल्यावर चालून आला. तिकडचा रस्ता हिवाळ्यात बंद असतो. किल्ल्याला जाताना जाड तळाचे बूट घाला. पावसानंतर कुरण अजूनही चपचपतं.